भुऱ्याच्या पोटातला लाडू

आई,

भुऱ्या वाचला. कालपासून अडलेलं पोट मोकळं झालं, सकाळी त्यानं पिंजराभर लेंड्या टाकल्या. डॉक्टर फोनवर म्हणे, आता भीती नाही. तसं पाहिलं तर त्याला काल काही झालंच नव्हतं. अर्पिताताईनं विचारलं तर हेच सांगायचं. मी तिला आणायला यवतमाळच्या स्टँडवर जाऊन राह्यलो.

"घरचा पाहुणा गवत खाते अन् आपण लाडू, बरं दिसते काय?" असं म्हणत तू त्याला शेंगदाण्याचा लाडू भरवला. तुझं मन कळते मले. पण ताईचा हा चिंचिला म्हणजे जन्मतःच पथ्यावर असलेला केसाळ उंदीर आहे. वाळलं गवत, त्याच्या डब्यातलं खाद्य अन् पाणी, एवढंच त्याचं जेवण. गूळ, शेंगदाणे, मनुका, कोबी यांनी त्याचं पोट बिघडते. बाबाले सांग, गाईम्हशीची ढेपही नको; तो दूध देत नाही.

तू पिंजऱ्याजवळ बसून रडली, तेही झालं नव्हतं. उरलेले लाडू मी नेतो, पुरावा कायले ठेवायचा?

तरी या घरातील "अजून एक घ्या" हा आग्रह पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
गोपाल