नऊ फूट सहा इंच

सर, आज मुलींनी मला पुन्हा तुमच्याच भांडणात ओढलं. सामानखोलीच्या पायरीवर मोबाईल ठेवून दोन अमेरिकन बास्केटबॉलवाल्यांची तुलना चालली होती. एक जुना, ढीगभर कप जिंकलेला. दुसरा आत्ताचा, वय झालं तरी उड्या मारणारा, पण कप मोजकेच. "मॅडम, तुमीच सांगा, मोठा कोण?" मी तुमचंच वाक्य फेकलं, "ज्याच्या त्याच्या वक्ताची रिंग पाह्यल्याबिगर बोलू नका." बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तुम्ही हे भांडण आवडीनं लावायचात. मासिकातून कापलेले जुने-नवे खेळाडू खोलीच्या भिंतीवर चिकटवलेले, आणि खाली आम्ही वाद घालणाऱ्या पोरी. तुम्ही म्हणायचात, खेळाडू म्हणजे पऱ्हाटी, कापसाचं झाड. "तीन वेचण्या, पोरी. पहिली पांढरीशुभ्र, दुसरी भरीची, तिसरीले कवडी लागते, कापूस किडका निंगते. कप घ्याचा तं याच तिनात. मंग फरदडच, हंगाम सरल्यावरचं उरलंसुरलं." आमच्या तीन वेचण्या म्हणजे दहावी, अकरावी, बारावी. पुढे लग्न. ती वर्षंही वाईटच होती, कापसाचं काही खरं नव्हतं. दिग्रसच्या जिनिंगचा भोंगा आठवडा आठवडा वाजत नसे, आणि दिवाळीला वसतिगृहातून घरी गेलेल्या मुलींपैकी दोन-चार परत येत नसत.

खंडेनवमीला घरोघरी अवजारं पुजतात, तुम्ही चेंडू आणि शिट्टी पुजायचात. हळदीकुंकू लावलेला चेंडू, नारळ, आणि मग प्रत्येकीचे पन्नास फ्री थ्रो. सगळ्यात जास्त टाकणारीचा आकडा खोलीच्या दारावर ऑइलपेंटनं. माझ्याआधी बारा वर्षं तिथे मारेगावच्या त्या उंच ताईचे एकेचाळीस होते. मी चव्वेचाळीस टाकले. तुमचा हात पेंटानं भरलेला, डोळे भरलेले. "हे पोरगी तिच्याहून मोठी हाय," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. देवाशप्पथ सांगते, त्या दिवशीएवढी मी नंतर कधीच उंच झाले नाही.

महिन्याभरात नागपूरला अंतिम सामना. एका गुणानं मागे, शेवटची सेकंदं, माझ्या हातात दोन फ्री थ्रो. दोन्ही रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. परतीच्या एसटीत तुम्ही मला लिंबाची गोळी दिलीत आणि खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आपल्या पोरी नागपूरले गेल्या का घाबरतेतच." मी घाबरले नव्हते, सर. माझा हात अगदी नेहमीसारखा सुटला होता, तेच मला छळत होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिलाईवाल्या काकूंचा टेप घेऊन मी खांबावर चढले आणि दोन टप्प्यांत रिंगची उंची मोजली. आपलं मैदान दर पावसाळ्यात वाहून जायचं आणि नवरात्राआधी तुम्ही त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवायचात, दर वर्षी थोडा जास्तच. जमीन वर येत गेली, खांब तिथेच राहिला. नियमाची दहा फुटांची रिंग साडेनऊ फुटांवर आली होती. मारेगावच्या ताईनं एकेचाळीस टाकले ते बारा थर आधी. माझे चव्वेचाळीस बुटक्या रिंगवरचे.

खाली उतरले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काहून चढलीवतीस?" मी म्हटलं, जाळी बांधत होते.

त्यानंतर तुम्ही सहा संघ नागपूरला नेलेत. सगळ्यांचे चेंडू पुढच्या कडेला. प्रत्येक वेळी तुम्ही मुलींना दम द्यायचा कसा, धीर द्यायचा कसा, हेच घोकत परत आलात, आणि आपल्याच शिकवण्यात खोट आहे असं मानूनच हे जग सोडून गेलात. याच शाळेत मला तुमच्या जागी घेतलं तेही त्या दाराकडे बोट दाखवून. मग कुठल्या तोंडानं सांगणार? इतकी वर्षं त्या मैदानात अडकून पडले आहे, सर. बाहेर जायचं फाटक म्हणजे तेच दार, आणि त्यावर माझाच आकडा.

यंदा एक पोरगी आहे. बारावीतली, शेवटची वेचणी. बापानं लग्नाची फाल्गुनातली तारीख काढून ठेवलीय. परवा सरावात तिनं शेहेचाळीस टाकले. त्याच संध्याकाळी मी वेल्डरला बोलावलं आणि रिंग बोर्डासकट वर चढवली, पुरी दहा फुटांवर. खंडेनवमी आज झाली. तिचे एकतीस आले. रडत म्हणाली, "मॅडम, माह्या हातच गेला वो." मी तिला टेप दिला, खांबाशी उभं केलं, सगळं सांगितलं. नाही, सगळं नाही. मुरुमाचं सांगितलं. ते माप मला कधीपासून माहीत आहे, ते नाही सांगितलं.

ती डोळे पुसून पुन्हा रेषेवर गेली. नागपूरला अजून तीन आठवडे आहेत, तिचा हात बसेल. पण सर, तिनं शेहेचाळीस टाकले नसते, तर मी यंदा वेल्डरला बोलावलं असतं का, हे मला खरंच माहीत नाही. पेंटचा डबा पुढ्यात उघडून बसले आहे. दारावर चव्वेचाळीस अजून तसेच आहेत.