लाल डबीतले पॅड

९ ऑक्टोबर, गुरुवार

त्यालाच यायचं होतं! अख्ख्या डोंगरात दुसरं गॅरेज नाही की काय!

लायल प्रूइट. पिवळी दोन दारांची कूपे गाडी घेऊन थेट आत घुसला, माझ्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. आणि वर गाडीच्या खिडकीतून — "काय अर्धे इंजिनिअर! पान्हा तरी सरळ धरता येतो ना?" ऑर्विल खो खो हसला. मालक आहे, गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणारच. पण इतकं?

मेरीबेथच्या बोटात या माणसाची अंगठी आहे. उन्हाळ्यापासून. तिच्यासाठी मी नॉक्सव्हिलचं इंजिनिअरिंग कॉलेज अर्ध्यात टाकून आलो, तेव्हा ती म्हणाली होती, "टोब, मी तुला ये म्हटलं होतं का?" नव्हतं म्हटलं. कबूल. पण येऊ नकोही म्हटलं नव्हतं!

तर लायलच्या ब्रेकचे पॅड झिजलेत. "सगळ्यात भारी टाक. शर्यतीवाले वापरतात ते." का, तर वळणावर पोरं याच्या पुढे जातात.

आमच्याकडे पॅड निवडायच्या आधी तीन प्रश्न विचारतात. ऑर्विलच्या बापापासूनची पद्धत. गाडी कशी हाकता? सकाळी किती थंडीत काढता? आणि तुमच्याशिवाय कोण चालवतं? मी पहिला विचारला. म्हणाला, "जोरात!" दुसरा विचारला. म्हणाला, "दहाच्या आधी उठतोय कोण रे?"

तिसरा विचारला नाही. त्या गाडीत कोण बसतं ते मला माहीत आहे. त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकायचं नव्हतं, बस.

११ ऑक्टोबर, शनिवार

फळीवर दोन डब्या. निळ्या डबीतले पॅड रस्त्याचे — गार असोत, गरम असोत, पाय टेकला की धरतात, आवाज नाही. लायलला तेच शोभतात. ऑफिसला जातो आणि रविवारी चर्चला! लाल डबीतले शर्यतीचे. तापले की राक्षस. गार असले की लाकडाची फळी. आणि ओरडतात काय! थोडे तापल्यावर गाडी हळू थांबवायला जा — अशी किंचाळी येते की कुत्री अंगण सोडून पळतात.

हात निळ्या डबीवर होता. खरंच होता. मग डोळ्यांपुढे आलं — चर्चचं आवार, पिवळी गाडी, शेजारी ती, सगळं गाव मान वळवून बघतंय…

लाल उघडली. त्याने भारी मागितले, मी भारी दिले. खोटं काय त्यात?

नवे पॅड बसवल्यावर एकदा तापवून गार करावे लागतात, म्हणून घाटात मीच नेली गाडी. पाच-सहा वेळा जोरात दाबून सोडले. शेवटी असे धरले की पट्टा छातीत रुतला. गाडी चांगली आहे साली.

१२ ऑक्टोबर, रविवार

वा! वा! वा!

आवारात शिरताना असा आवाज झाला की पास्टरबाईंच्या हातातली गोड पाई सांडली. भोपळ्याची, अख्खी! मेरीबेथने दोन्ही कान झाकले. लायल लालबुंद. म्हातारा क्लेल ओरडला, "अरे, डुक्कर कापताय की गाडी थांबवताय?"

मी झाडाखाली उभा होतो. पोट दुखेपर्यंत हसलो.

पण ती उतरताना माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काही नाही. ऊन. तीन गाड्यांचं तेल बदललं. तिचा विचार केला नाही. (केला.)

१५ ऑक्टोबर, बुधवार

ती डायनरमध्ये जेवताना भेटली. माझ्यासमोर येऊन बसली, स्वतःहून! माझ्या ताटलीतला बिस्किट-पाव उचलला, ग्रेव्हीत बुडवला, अगदी शाळेत असताना करायची तसं. जीव असा हरखला.

"टोब्या, काय घातलंयस रे त्या गाडीत? मी वृद्धाश्रमाच्या दारात थांबते तर म्हातारे खिडकीत जमतात!"

"तू थांबतेस म्हणजे?"

"म्हणजे मीच चालवते ना. माझा छोटा ट्रक बंद पडलाय. लायल नॅशव्हिलला गेलाय कामाला, गाडी ठेवून गेला."

 वृद्धाश्रमातली तिची पाळी पहाटेची. राहते टेकडीच्या माथ्यावर. उतार सगळा झाडीतला, आणि तळाशी 'थांबा' अशी पाटी — पुढे हमरस्ता. लाकडाचे ट्रक जातात तिथून. लाकडाचे!

विचारलं, "उतारावर ब्रेक दाबतेस ना? मधे मधे?"

"छे! बाबांनी शिकवलंय, उतार गिअरवर उतरायचा, ब्रेक तळाशी आल्यावरच. मी तुमच्यासारखी गाडी मारत नाही."

बरोबरच चालवते ती. म्हणूनच पॅड तळापर्यंत गारच राहणार. सध्या हवा उबदार आहे, चालून जातंय. थंडी पडली की?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सांगायला गेलो होतो. देवाशपथ सांगायलाच गेलो होतो.

ती ओसरीवर सफरचंदं सोलत होती. म्हटलं, किल्ली दे, पॅड बदलून देतो, अर्ध्या दुपारचं काम.

"का? बिघडलेत?"

"बिघडले नाहीत. आवाज जाईल."

"लायल म्हणालाय, टोबला गाडीला हात लावू देऊ नकोस."

झालं! तळपायाची आग मस्तकात. "लायल म्हणाला! लायल म्हणाला! तुझं स्वतःचं काही आहे की नाही?"

तिने सुरी खाली ठेवली. "आहे. माझं म्हणणं असं आहे, की तू मुद्दाम केलंस. मला चारचौघांत लाज वाटावी म्हणून."

तेव्हाच सांगायचं होतं. हो, मुद्दाम केलं, आणि आता गोष्ट लाजेची नाही, जिवाची आहे — एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं. आणि तोंडातून काय निघालं?

"मग बस किंचाळत! नरकापर्यंत किंचाळत जा!"

दार आपटलं तिने. घरी येऊन फोन केला, उचलला नाही. परत केला, लागेचना. नंबर अडवला असणार.

ऑर्विलला सांगावं? म्हणेल, तू काय केलंस? तो विचारेल म्हणूनच नाही सांगितलं.

आई खालून ओरडली, "टोमॅटोवर चादर घाल रे, पहाटे दंव गोठणार म्हणतात!"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

 सगळं लिहितो.

जाग आली तर काच पांढरी. गवत पांढरं. तसाच पळालो, काच पुसलीही नाही, डोकं बाहेर काढून चालवली. तिच्या दारी पोचायचं होतं. तळाशी आलो तर वर झाडीत दिवे वळणं घेत उतरताना दिसले. उशीर झाला होता.

आणि डावीकडून ट्रक. ओंडक्यांनी भरलेला.

माझी गाडी हमरस्त्यावर आडवी घातली, दिवे लुकलुकते ठेवले, आणि अंगातलं जॅकेट काढून फडकावत ट्रकपुढे पळालो. त्याचा भोंगा, चाकांचा धूर — थांबला. थांबला! माझ्या गाडीपासून हातभर अंतरावर.

मग ती आली. मला तिचा चेहरा दिसला. पाय पूर्ण दाबलेला असणार तिचा, अंग सीटवरून उचललं गेलं होतं. रस्ता कोरडा. गाडी मात्र थांबायचं नावच घेईना. आणि आवाज नाही! गारठलेले ते, आज त्या ब्रेकनी हूं की चूं केलं नाही.

माझ्या गाडीच्या मागच्या दाराला घासून ती पलीकडच्या चरात गेली.

दार उघडेना. मी काच फोडली. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, मग डोळे मिटले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

खांदा आणि मांडी मोडली. डोक्याला मार. शुद्ध नाही. डॉक्टर "बघू" म्हणतात. त्यांच्या "बघू"ची भीती वाटते.

ट्रकवाला दवाखान्यात आला. माझा हात सोडेना. "पोरा, तू नसतास तर मी त्या मुलीला चिरडून गेलो असतो. जन्मभर झोपलो नसतो." रडला, एवढा थोराड माणूस. मी पण रडलो. त्याला वाटलं, तेच कारण.

लायल आला नॅशव्हिलहून. मला मिठी मारली. त्याने! "तुला काय काय बोललो रे मी," म्हणाला. मी मिठी सोडवून बाहेर पळालो.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पास्टरनी मला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेरीबेथची आई माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "देवानेच तुला तिथे उभं केलं रे बाळा."



दुपारी गॅरेजवर गेलो. पिवळी गाडी ओढून आणली आहे. ऑर्विलने पुढचं चाक काढलं होतं. पॅड हातात घेऊन बसला होता.  मग म्हणाला, "तिसरा प्रश्न विचारला होतास?"

मी मान हलवली. नाही.

"शेरीफ उद्या येतो गाडी बघायला." पॅड जागच्या जागी ठेवला, चिंधीला हात पुसले. माझ्याकडे न बघता घरी गेला.

२० ऑक्टोबर, सोमवार

मेरीबेथ शुद्धीवर आली! जगेल!

तिच्या आईने देवाचे आभार मानले, टोब किती योग्य वेळी तिथे पोचला ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली — "त्याला विचार, त्याला आधीच कसं कळलं."