गोपिकेचं खरं वय

नागपूर, ८ डिसेंबर १९८१

रुपराव भाऊ, तुले अन् वहिनीले प्रेमिलाचा नमस्कार.

मी इथं बरी आहे. दवाखान्यातलं काम ठीक चालू आहे. मायचा खोकला कसा आहे? गोपिका शाळेत जाऊन राहिली ना?

तू धाडलेली गोपिकेची लग्नपत्रिका भेटली. पोरगी आत्ता कुठं सोळाची झाली अन् तिचं लग्न? कायदा अठराचा आहे गा! वरून पत्रिकेत आशीर्वाद कोणाचा, तर आमदार साहेबांचा!

ते सध्या इथंच अधिवेशनाले आले आहेत. कालच्या पेपरात त्यांचं भाषण होतं, "बालविवाह करणाऱ्या बापाले तुरुंगात टाका." माझ्या पगारातून सरकार दर महिन्याले व्यवसाय कर कापते, तो काहून? असल्या दुतोंड्याले पोसायले? अन् तू त्याच्यासाठी मांडवात सोफा मांडणार!

लोकायले तू पोरगी अठराची सांगतो म्हणे. सांग. बारशाले आत्या म्हणून तिच्या कानात कुर्र करून नाव मीच सांगितलं होतं. आता आमदाराच्या हातात अक्षता असताना तिचं वय साऱ्या मांडवाले सांगीन.

दोन वर्षं थांब. नाहीतर त्या सोफ्याजवळ माझी खुर्ची ठेव.

गोपिकेची आत्या,
प्रेमिला