बारवेतली टिकटिक

१४ एप्रिल १९५८, जालना
परीक्षा आटोपून घरी आले. कॉलेजातले आमचे सर इथलेच, जुन्या जालन्यातले. सुट्टीत कॉलेजची एक काचेची नळी घेऊन आलेत. अंधारातली पुसट चमकही तिला कळते. तिच्यापुढं स्वच्छ स्फटिक ठेवायचा. आभाळातून येणारा न दिसणारा किरण, विश्वकिरण म्हणतात, त्यातून गेला की चमक, अन् हेडफोनमध्ये टिक. शिकणारे दोघंच, मी अन् वर्गातला रऊफ.

१७ एप्रिल
स्फटिक डांबरगोळ्यांचा! अंगणात शेगडीवर वितळवून राह्यलो. आई म्हणाली, घराला ट्रंकेतल्या शालूचा वास सुटलाय. बाबा ओट्यावर हसले. तहसिलीत कारकून होते. गेल्या साली नजर गेली. मी असले की पेपर वाचून दाखवते. नसले की तसाच पडतो.

१८ एप्रिल
तडकला. थंड करायची जल्दी केली. सर रागावले न्हाईत.

२३ एप्रिल
दुसरा जमला. पातेलं राखेत पुरून ठेवलं होतं. स्फटिक उन्हात धरला तर आत पाणी गोठल्यासारखं... बघतच बसले. रऊफनं रेडिओच्या बॅटऱ्या जोडल्या, नळी अन् स्फटिक डब्यात घालून तो काळ्या कापडात बांधला. टिक. मंग काहीच न्हाई. मंग टिक, टिक. छप्पर आहे, भिंती आहेत, तरी.

२६ एप्रिल
गावाबाहेरच्या कोरड्या बारवेत डबा घेऊन उतरलो. खाली जावं तसे आवाज विरळ. वर एवढी माती, एवढे दगड, तरी एखादा पोचतोच. डोळे मिटले. कुणी फार लांबून आपल्याकडं...
वर आल्यावर सर म्हणाले, हैदराबादला एम.एस्सी.ला तुझ्यासाठी शब्द टाकलाय, लवकर हो-न्हाई सांग. दोन वर्षं. ऊन एकदम डोळ्यांवर आलं.

२८ एप्रिल
घरी सांगितलं. बाबा म्हणाले, बघू.

३० एप्रिल
सर दुपारी डबा घेऊन घरी आले. बाबांच्या कानाला हेडफोन लावला. बराच वेळ हलले न्हाईत.
"हे अंगाला लागत न्हाई?"
"न्हाई बाबा. आरपार जातं."
"माझ्यातूनबी?"
"सगळ्यांतून. बराबर सारखंच."
त्यांनी तळहात उघडा करून मांडीवर ठेवला. तसाच ठेवला. मला तिथं बसवेना. आत जाऊन उगीच तांदूळ निवडले.

२ मे
संध्याकाळी बाबांना मारुतीला नेलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, नेहमीसारखा. वाटेत त्यांनी विचारलं, हैदराबादच्या गाडीला बायकांचा डबा असतो का. असतो, मी म्हणाले.
परत येताना त्यांनी खांद्यावरचा हात काढला. भिंत चाचपत एकटेच चालून राह्यले. एका ओट्याला पाय लागला, थांबले, मंग पुन्हा निघाले. मी हाक मारली न्हाई. मागं मागं गेले.
सरांना उत्तर अजून दिलं न्हाई.