क्षिप्रेत गेलेली गाठ

२ फेब्रुवारी १९९५
अंगठी अडली! केदारच्या आईने मापाला आणलेली. माझ्या अनामिकेवर वाटाण्याएवढी गाठ आहे, तिच्यापुढे जाईचना. दोन वर्षं झाली, थंडीत ठणकते, मी कधी लक्ष दिलं नाही. त्या गोड हसल्या. "तपासून घ्या हं, रिपोर्ट चांगला आला की साखरपुडा." आईचा चेहरा पडला. मी उरलेल्या कचोऱ्या संपवल्या.

७ फेब्रुवारी
गाठ काढली. सुई तेवढी दुखली. डॉक्टर म्हणाले, "बेटा, दिखती तो शरीफ़ है, पर जाँच ज़रूरी है." बाटलीत पांढरा मणी! उद्या बापू बसने इंदूरच्या लॅबमध्ये नेणार. आठवडाभर भांडी घासायची नाहीत — चैन!

८ फेब्रुवारी
बापूंनी गाठ क्षिप्रेत सोडली!! बसच्या आधी रामघाटावर स्नानाला गेले, तिथेच मंत्र म्हणून विसर्जन. वर बाटली धुऊन परत आणली! "पोरीच्या देहाचा अंश बसमध्ये फिरवू? डॉक्टरांनी पाहिलीये ना, आणखी काय पाहायचं?" आपले वडील आहेत म्हणून काय बोलणार! मी हसून हसून पलंगावरून पडले. आई त्यांच्याशी बोलत नाहीये.

९ फेब्रुवारी
"भलतंच काही असलं तर?" — आई. मीही रिकामी बाटली दोनदा उजेडात धरून पाहिली. खोटं कशाला लिहू.

१० फेब्रुवारी
बापूंनी मान खाली घालून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय म्हणावं? "भाईसाब, उज्जैन में प्रैक्टिस करता हूँ. आधा टुकड़ा मैंने रख लिया था!" तो त्यांनी स्वतःच पाठवलाय. दहा दिवस लागतील. साखरपुडा तोवर पुढे.

१६ फेब्रुवारी
शेजारच्या प्रतिभाकाकूंकडे केदारचा फोन. "रिपोर्ट आला?" तीनदा विचारलं. मग घरी केबल घेतलीय, त्यावर काय काय दिसतं ते सांगत बसला. बोट दुखतं का, ते राहिलंच. विसरला असेल.

२० फेब्रुवारी
रिपोर्ट आला. रक्तवाहिनीच्या स्नायूची साधी गाठ, लायोमायोमा. बोटात फार क्वचित होते म्हणे, पण धोका काही नाही. आई रडली. बापू पेढे घेऊन आले, लगेच पंचांग काढून बसले — येत्या रविवारी साखरपुडा! सगळे खूश. मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि खूप रडले. आनंदाने नाही.

२१ फेब्रुवारी
टावर चौकातल्या एसटीडीवरून केदारला फोन केला. नाही म्हणून सांगितलं. घरी अजून पेढे वाटताहेत.