डाव्या चाकाचा आवाज

ऑगस्टा, बुधवार सकाळ

प्रिय ब्रिता,

तुम्ही दोघी मिसूलाला सुखरूप पोचलात, हे शेजारच्या क्लेमने फाटकाशी येऊन सांगितलं. तेव्हापासून हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आज मात्र बसलोच आहे. मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे धीर सुटला तरी ती कागदावर असेल. शनिवारी तुझ्या पिकअपचं जे बेअरिंग मी काढून फेकलं, ते चांगलं होतं. बिघडलेलं होतं ते दुसऱ्या बाजूला. ते तसंच ठेवून मी तुला निरोप दिला, आणि त्या चाकावर तू छोट्या नेलला मागच्या सीटवर बसवून घाट उतरलीस.

शुक्रवारी संध्याकाळी आपण दोघं चक्कर मारायला गेलो होतो, आठवतं? "बाबा, पन्नासच्या पुढे गेलं की पुढून घुमल्यासारखं येतं," असं तू अंगणातच सांगितलं होतंस. मोकळ्या रस्त्यावर तू गाडी एकदा उजवीकडे लचकवलीस, एकदा डावीकडे. मीच तुला सोळाव्या वर्षी शिकवलेली ही परीक्षा. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर पडतो, तेव्हा आवाज वाढला तर दुखणं डावीकडे. उलट तर उलट. दर वेळी तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी मान हलवत होतो. डावीकडे वळवताना तुझ्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, हेच ते. म्हणून उजवं चाक. आता वाटतं, आवाज गेला ना, असंच तू विचारत असशील.

या घरात चाळीस वर्षांचा नियम आहे, तुझ्या आईलासुद्धा पाठ होता. पुढची दोन्ही चाकं उचलायची, एक हात स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. बिघडलेलं बेअरिंग हाताला खरखर सांगतं. मी एकच चाक उचललं. दुसरं उचललं असतं तर माझी खात्री नाही हे तुला दिसलं असतं. स्प्रिंगवर हात ठेवला, काही लागलं नाही, तरी लागलं असं स्वतःला पटवलं. तू म्हणालीस, "बाबा, दोन्ही बदलून टाक ना, उगाच कटकट नको." त्यावर मी काय उत्तर दिलं? चांगलं बेअरिंग फेकणं म्हणजे पाप आहे म्हणालो! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

उजवा हब, ज्यात बेअरिंग बसलेलं असतं तो, इतका गंजला होता की निघता निघेना. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने अगदी जखडून टाकला होता. दोन तास हातोडा मारला. नेल कानांवर हात ठेवून हसत होती. घाम गाळला की माणसाला वाटतं काम बरोबरच झालं असणार. नवा हब बसवला, नट आवळला, एकट्यानेच चक्कर मारून आलो आणि म्हणालो, "आता चिडीचूप." मला तर तो आधीही चिडीचूपच होता, ब्रिता. आणि तू काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, की नवा हब आहे, पन्नासेक मैल थोडा गुणगुणेल, मग बसेल. असं काही नसतं. नवा हब पहिल्या मैलापासून गप्प असतो. तू काचेतून काहीतरी बोललीस तेव्हा मी अंगठा वर करून दाखवला.

रविवारी तू निघाल्यावर तासाभराने गॅरेज आवरत होतो. जुना हब भंगाराच्या पिंपात टाकायला उचलला आणि सवयीने बोटाने फिरवला. लोण्यासारखा फिरला. हलवून पाहिला, कुठे ढिला नाही. पुन्हा फिरवला. म्हणजे बिघडलेलं अजून गाडीतच होतं. पिकअपमध्ये फ्रीझरभर हरणाचं मांस मीच लादलं होतं, ते सगळं ओझं घेऊन तू तासाला सत्तर मैलांनी चालली होतीस, आणि स्टिअरिंग डावीकडे असल्याने डावं चाक म्हणजे तुझ्याच पायाशी असलेलं चाक. बेअरिंग शेवटाला आलं की चाक डुगडुगतं, ब्रेकवरचा पाय खोल जातो, आणि उतारावर ब्रेक लागतो तेव्हा सगळा भार पुढेच येतो. हे मी शंभर लोकांना सांगितलंय. पोटच्या पोरीला सांगायची वेळ आली तर ती साठ मैल पुढे निघून गेलेली.

तुला फोन लावण्यात अर्थ नव्हता, घाटात रेंज नाही. भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांचा नंबर लावला. पलीकडे कोणी उचलला की नाही, मला कळलं नाही. माणूस बोलतोय की यंत्र, तेही नाही. मी नुसता ओरडलो. निळा पिकअप, बाई आणि चार वर्षांची मुलगी, लिंकन गावाच्या रस्त्याला, डावं पुढचं चाक, थांबवा तिला. तेच तीनदा ओरडलो आणि फोन ठेवून दिला. मला ऐकू येत नाही, ब्रिता. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात घरघर उरलीय; समोर उभं राहून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं, एवढंच. तीस वर्षं बर्फ काढायच्या गाडीत बसलो, ती गाडी पगाराबरोबर हेही देऊन गेली. क्लेमला ठाऊक आहे. तो म्हणतो, "हॅल्वर, तुझे कान म्हणजे आता टोपी अडकवायच्या खुंट्या." तुझ्यापासून लपवायला तुम्ही होतात तीन दिवस मी टीव्ही लावला नाही, कारण किती मोठा लावतो ते कळलं असतं.

मग माझ्या जुन्या गाडीने निघालो. इतकी भीती मला तुझ्या आईच्या आजारपणातसुद्धा वाटली नव्हती, कारण तिथे माझा हात नव्हता. प्रत्येक वळणाला आधी कडेचा चर बघायचो, मग रस्ता. एका जागी डांबरावर लांब काळे ओरखडे दिसले आणि मी गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. खाली नुसती झुडपं होती. घाटमाथ्याच्या अलीकडे चार-पाच गाड्या थांबलेल्या, माणसं खाली कशाकडे तरी बघतायत. मी उतरलो. एका माणसाने हात हलवून काहीतरी सांगितलं, ते अर्थात कळलं नाही. शेवटी कठड्याला धरून पाहिलं, तर गाडीखाली सापडलेलं हरीण होतं. मी तिथेच खाली बसलो. त्या मुक्या जनावराच्या मरणाचा मला आनंद झाला, हेही लिहितोच.

पुढचं तुला माहीत आहे. घाटाच्या पायथ्याशी पोलिसातल्या डार्लीनने तुला थांबवलं, कारण तो फोन कोणीतरी उचलला होता. चाकातून धूर येत होता आणि वरची बाजू आत कलली होती. ती मला नंतर हातवारे करून म्हणाली, "अजून दोन मैल गेली असती ना काका, तर चाक हिच्या पुढे धावलं असतं." मी तिथल्या खानावळीत शिरलो तेव्हा नेल ब्लूबेरीच्या गोड पाईने तोंड माखून बसली होती. तू उठून मला मिठी मारलीस आणि सगळ्यांना काहीतरी सांगितलंस. लोक टाळ्या वाजवू लागले. डार्लीनने ते मला पुन्हा कानाशी ओरडून सांगितलं: "पोरगी म्हणते, माझा बाबा साठ मैलांवरून बेअरिंग ऐकतो!" आणि मी काय केलं? हसलो. टाळ्या घेतल्या, फुकटची पाई घेतली, दोन कप कॉफीही प्यालो. तुला शाबासकी द्यायची होती ती कानांना, आणि ती घेतली माझ्या गप्प बसण्याने. याची लाज मला त्या चाकापेक्षा जास्त वाटते. पुढल्या मंगळवारी ग्रेट फॉल्सला कानाच्या डॉक्टरांकडे जातोय, क्लेम गाडी चालवणार आहे. आणि यापुढे तुझ्या गाडीला मी हात लावायचा नाही. लावू लागलो तर पाना काढून घे.

पण हे पत्र गाडीसाठी लिहिलेलं नाही. सप्टेंबरात एका रविवारी तुझा फोन आला होता. तू खूप वेळ बोललीस, मध्ये बराच वेळ थांबलीस, पुन्हा बोललीस. माझ्या कानात नुसती घरघर. तू रडत होतीस की हसत, तेही मला समजलं नाही. मी दोनदा म्हणालो, "छान, छान, बरंच झालं." मग तू फोन ठेवलास. आणि गेल्या शुक्रवारी तू आलीस ती फक्त नेलला घेऊन. माझा जावई कोडी आला नाही, तुझ्या बोटात अंगठी नव्हती, नेलने तीन दिवसांत एकदाही बापाचं नाव काढलं नाही. मला विचारता आलं नाही, कारण मला तर सगळं सांगितलेलं आहे, आणि मी बरंच झालं म्हणालोय. तेव्हापासून तुला काय वाटत असेल ते मनात आलं की मला त्या घाटापेक्षा भीती वाटते. पोरी, मी एक शब्दही ऐकला नव्हता. त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला सगळं लिहून पाठव. अक्षर मोठं काढू नकोस, डोळे अजून शाबूत आहेत.

तुझ्या पत्राची वाट बघणारा, तुझाच,
बाबा