तहहयात जिजी

प्रिय जिजी,

काल तलाठ्यांनी तुझं नाव कंसात घातलं. सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, हे मला कुठे माहीत होतं! तुझ्याखाली माझं नाव लिहून ते म्हणाले, "आता या शेताच्या पुऱ्या मालकीण तुम्ही." आणि मी चारचौघांत रडले. त्यांना वाटलं असेल, शेत मिळालं म्हणून बाईला भरून आलं! आज फैजपूरला तुझ्याच ओसरीवर बसून हे लिहितेय, कारण तुझ्या शेवटच्या कार्डाला उत्तर द्यायचं राहून गेलंय.

आबांचं मृत्युपत्र वाचलं तो दिवस आठवतो? "विहिरीचे शेत माझ्या पत्नीने तहहयात उपभोगावे. तिच्या पश्चात ते माझी पुतणी सुशीला हिला मिळावे." सगळी भावकी माझ्याकडे बघायला लागली. पुतणे सोडून पुतणीला? पण मी दोन वर्षांची असताना माझी आई गेली आणि तू, माझी काकू, मला ओटीत घेऊन बसलीस, ती माझं लग्न होईपर्यंत. तुला दुसरं लेकरू नव्हतं. आबांनी फक्त ते कागदावर आणलं.

जळगावच्या वकिलांनी तुला समजावून सांगितलं. तहहयात म्हणजे जिवंत असेपर्यंत. पीक तुमचं, उत्पन्न तुमचं. पण शेत विकायचं नाही, मोठी झाडं तोडायची नाहीत, ती पुढच्या मालकिणीची.

"मंग केळी बी तोडू नको का?" तू घाबरून विचारलंस. घड उतरवला की खोड कापावंच लागतं ना! वकील हसले. "खोड कापा बाई, बुडाशी फुटलेलं नवं पील ठेवा म्हणजे झालं." त्या दिवसापासून तू मला पीलच म्हणायला लागलीस. चांगली दोन लेकरांची आई मी!

आणि मग सुरू झाली ती तुझी कार्डं. मी धुळ्याला, तू इथे. तू सांगायचीस आणि शाळेचे मास्तर तुझं बोलणं जसंच्या तसं उतरवायचे. "पोरी, तुझ्या लिंबाची फांदी येहेरीवर आली. पाला पान्यात पडतो. तोडू का?" कधी बांधावरच्या बाभळीचं, कधी वाळलेल्या शेवग्याचं. खाली सही कायम तीच, "तुझी तहयात जिजी." त्या शब्दातला एक ह तू शेवटपर्यंत गिळलास.

मी चिडायचे गं. एकदा तर पाहुण्यांदेखत ओरडले, "जिजी, अगं तोड ना! मोठी लागून गेली विचारणारी!" तू पदरात हसलीस. "मालकिनीनं असं रागावू नाई वं." तेवढ्यावर तू थांबलीस का? पुढच्याच आठवड्यात कार्ड हजर! तुझ्या डोक्यात कायदा जरा जास्तच भिनलाय, असं मी यांना हसत सांगायचे.

तेराव्याला तुझे धरणगावचे भाऊ, नानामामा, आले होते. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती तू कधीच का सांगितली नाहीस? विधवांसाठी नवा कायदा झाला तेव्हा, आता सगळं शेत तुझंच झालं हे सांगायला, ते धावत तुझ्याकडे आले होते. "अक्का, आते बठ्ठं वावर तुनंच शे!" तुला ते पुन्हा वकिलांकडे घेऊन गेले. वकील म्हणाले, मृत्युपत्रातच मर्यादा घातली आहे, त्यामुळे वाद होईल, पण लढून बघता येईल. त्यावर तू म्हणालीस, "मी पुरी मालकीन झाली तं पोरीले इचारू काय? अन् कार्ड कायचं पाठवू?"

जिजी! म्हणजे तुला फांद्या तोडायच्याच नव्हत्या? तुला माझं अक्षर हवं होतं? आणि मी वेडी, उत्तरात एकच शब्द लिहायचे. "तोड." बरी आहेस का, जेवतेस का, एवढंही नाही.

शेवटचं कार्ड आलं तेव्हा आमची घर बदलायची धांदल चालली होती. मी ते न वाचताच आरशामागे खोचलं. घाईत आरसा गाठोड्यात गेला, त्याच्याबरोबर कार्डही गेलं. तू गेल्याची तार आली, त्यानंतर ते सापडलं. "पोरी, मागच्या उन्हाळ्यात तू खाल्ला त्या आंब्याची कोय म्या रुजू घातली होती. दोन पानं आली. येहेरीपाशी लावू का? माझ्या हयातीत काही फळ लागत नाई. पन जागा तुझी हाये."

मघाशी विहिरीवर गेले. फुटक्या घागरीत ते रोप आहे, चांगलं गुडघ्याएवढं झालंय. शेजारी खड्डाही खणून ठेवलेला. आत शेणखत घातलेलं, वर पाचट पसरलेलं. सगळी तयारी करून तू माझ्या एका शब्दासाठी थांबलीस! लावून टाकायचं ना गं. मी काय तुला कोर्टात खेचणार होते?

रागावू नकोस. चुकले मी.

रोप उद्या सकाळी त्याच खड्ड्यात माझ्या हातानं लावणार आहे. शेत विकणार नाही, आणि लिंबाची फांदी विहिरीवर आली तर आधी तुला विचारल्याशिवाय कोयता उचलणार नाही. तू उत्तर देणार नाहीस, ठाऊक आहे. माझ्या उत्तराची वाट तू पाहिलीस, आता तुझ्या उत्तराची मी पाहीन. आणि उशिरा का होईना, पण पुऱ्या वाक्यात लिहिते. लाव, जिजी. जागा तुझीच आहे.

तुझी तहयात,
पील